दाजींची गाडी तेरा का देत होती? एका लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकचं पूर्ण प्रकरण

२०२५ च्या भाऊबीजेला ताईकडं साताऱ्याच्या करंज्यात गेलो होतो, ओवाळणी झाली, लाडू हातात आला आणि दाजींनी विषय काढला की गाडी विकायची. घेऊन सहा महिने पण झाले नव्हते. "पाव्हणं, लिटरला तेरा देतीया तेरा. कागदावर चोवीसच्या वर ल्हिवलंय. निम्मं तरी द्यावं का न्हाय?" आता चोवीसचं निम्मं बारा, म्हणजे तेरा निम्म्याच्या वरच झाले, पण भाऊबीजेला दाजींना गणित शिकवायचं नसतं, त्यामुळं लाडू खाल्ला.

मी शिरवळला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजमाप हाच धंदा. म्हटलं दाजी, विकायच्या आधी दीड-दोन महिने द्या, आधी नक्की किती देते ते तरी बघू. ताई म्हणाली बघ बाबा, रोज जेवताना मायलेजच ऐकतीय मी.

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं कळेलच की कंपनीचा यात काही संबंध नव्हता. २०२२ ची, सेकंड हँड, ४१ हजार किलोमीटर झालेली, एक लिटर तीन सिलेंडर, पाच गिअर मॅन्युअल. या वर्गातल्या गाड्यांचे कागदावरचे आकडे साधारण सारखेच असतात. ऑल्टो के१० मॅन्युअल २४.३९, वॅगनआर एक लिटर मॅन्युअल २४.३५, सेलेरिओ मॅन्युअल २५.२४. तिघींत ९९८ सीसीचं तेच इंजिन, ५५०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) ६७ च्या आसपास पीएस ताकद आणि ३५०० ला ८९ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. रिकामी गाडी आठशे किलोच्या आगंमागं. आकडे लक्षात ठेवा, विशेषतः तो ३५०० वाला, घाटात लागणार आहे.

दाजींचा वापर असा. कासच्या रस्त्यावर एका रिसॉर्टचे हिशोब बघतात, आठवड्यातले सहा दिवस, घरापासून वीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून. संध्याकाळी भाचीला क्लासला सोडायचं, दोन किलोमीटर, मग मंडई, परत क्लास, परत घर. रविवारी कधी हायवे. म्हणजे चढ, उतार आणि गावातल्या चिल्लर फेऱ्या. सरळ सपाट रस्ता या गाडीच्या नशिबात फारसा नाहीच.

पहिला प्रश्न, तेरा हा आकडा आला कुठनं. तर दाजी हजाराचं पेट्रोल टाकतात, म्हणजे साडेनऊ लिटर, आणि काटा जिथं होता तिथं परत आला की किलोमीटर बघतात. काट्यावर असा हिशोब होत नाही राव. टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, टाकीचा आकार वाकडातिकडा, त्यामुळं वरची एक कांडी शंभर किलोमीटर जाते आणि खालची साठात संपते, त्यात दाजींचं घर चढावर, गाडी नाक वर करून उभी. कधी तेरा येईल, कधी अठरा. अठरा आलं तर माणूस विसरतो, तेरा आलं की घरभर सांगतो.

म्हणून टाकी टू टाकी. एकच पंप, एकच मशीन, गाडी त्याच फरशीवर उभी, नोझल पहिल्यांदा टक करून बंद झाली की थांबायचं. इथं एक भांडण झालं. पेट्रोल टाकणारा पोरगा सवयीनं "राउंड फिगर करू का साहेब" म्हणून अजून टाकायला लागला आणि दाजी पण "कर की" म्हणाले. मी नोझलवर हातच ठेवला. राउंड फिगरमधे अर्धा लिटर इकडंतिकडं होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. दहा दिवसांनी परत तिथंच टाकी भरली. मीटरला ४१२ किलोमीटर, पेट्रोल २७.३ लिटर. भागाकार १५.१.

तेरा नाही, पंधरा. पण पंधरा तरी काय कौतुक.

दाजींचा पहिला संशय पंपावर. "माप मारत्यात." बरं, तेही बघू म्हटलं. प्रत्येक पंपावर वैधमापनचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकानं मागितलं तर त्यातनं मोजून दाखवावं लागतं, हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. मॅनेजरनं जरा तोंड वाकडं केलं पण माप आणलं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं. आमच्यात पेट्रोल रेषेच्या किंचित खाली थांबलं, सुटीच्या आत. आणि समजा पूर्ण २५ मिली कमी असतं तरी तो अर्धा टक्का, म्हणजे १५.१ च्या जागी १५.२. पंपाचा विषय तिथं संपला. दाजींच्या मनातला संपला का ते सांगता येत नाही.

दुसरा संशय पेट्रोलात मिसळतात त्या इथेनॉलवर, मोबाईलवर आलेले पाच व्हिडिओ दाखवून. यात मात्र तथ्य आहे, फक्त दाजी म्हणतात तेवढं नाही. एक लिटर पेट्रोलमधे साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता असते, इथेनॉलमधे २१ च्या आसपास. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के उष्णता कमी, आणि आधी जे दहा टक्केवालं मिळायचं त्याच्यापेक्षा तीन-साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात पण हेच लिहिलंय, जुन्या धाटणीच्या चारचाकीला सहा-सात टक्के फटका आणि वीस टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या गाडीला एक-दोन टक्के. म्हणजे धरून चाला की पंधरातला अर्धा-एक किलोमीटर तिथं गेला. चोवीसचे पंधरा त्यानं होत नाहीत. शिवाय दाजींचा स्वतःचा तीन एकर ऊस कारखान्याला जातो, म्हटलं अर्धं इथेनॉल तुमच्याच शेतातलं असंल, शिव्या कुणाला देताय. ताई हसली, दाजी नाही हसले.

मग गाडीच तपासायला घेतली, आणि खरी मजा इथनं.

रविवारी सकाळी गाडी थंड असताना टायरची हवा बघितली. ड्रायव्हरच्या दरवाज्यामागच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर कंपनीनं हवा किती ते लिहिलेलं असतं. चारही चाकांत त्याच्यापेक्षा सहा ते आठ पीएसआय कमी. दाजी म्हणे आधीच्या मालकानं नायट्रोजन भरलंय, ते बघायला लागत नाही. अहो आपली साधी हवासुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असते, आणि नायट्रोजन पण हळूहळू उतरतंच. हवा कमी की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, परत फुगतो, त्यात शक्ती उष्णता होऊन जाते. सायकलची हवा कमी असल्यावर पायाला जे कळतं ते गाडीत ॲक्सिलेटरला कळत नाही, खिशाला कळतं.

स्टिकर वाचताना अजून एक गोष्ट दिसली आणि मी टायरजवळ खाली बसलो. स्टिकरवर १६५/७० आर १४. टायरवर १७५/७० आर १४. आधीच्या मालकानं गाडी जरा उंच व्हावी म्हणून एक साईज मोठे टायर बसवलेले. आता वहीवर गणित करा. १४ इंची रिम म्हणजे ३५५.६ मिलीमीटर. १६५ ही टायरची रुंदी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के म्हणजे ११५.५, दोन्ही बाजू धरून २३१, एकूण व्यास ५८६.६. मोठ्या टायरला हेच ६००.६ येतं. फरक २.४ टक्के. गाडीचं मीटर किलोमीटर मोजत नाही हो, चाकाचे फेरे मोजतं आणि कंपनीच्या टायरचा घेर धरून गुणतं. म्हणजे दाजी शंभर किलोमीटर पळाले असं मीटर म्हणतं तेव्हा ते १०२.४ पळालेले असतात. कराडला एका लग्नाला गेलो तेव्हा ताडून बघितलं, फोनवर ५२ आणि मीटरला ५०.८. तंतोतंत.

दाजींना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हंजी मी जास्त चाललोय आन मलाच म्हाईत न्हाय?" हो. १५.१ हे खरं १५.५ होतं.

तरी मोठं भोक सापडायचं होतं. ते योगायोगानं सापडलं. हवा भरून आलो, अंगणात सपाट जागेवर गाडी न्यूट्रल केली आणि ढकलायला लागलो तर हलेना. आठशे किलोची गाडी सपाटीला दोन माणसांनी सहज हलते, ही अडून बसलेली. परत हायवेला सात-आठ किलोमीटर चक्कर मारली, ब्रेक जवळजवळ न लावता, आणि थांबल्यावर चारही चाकांना लांबनं हात लावून बघितला. पुढची दोन कोमट, मागचं डावं गार. मागचं उजवं असं तापलेलं की हात नेला आणि मागं घेतला, बाटलीतलं पाणी शिंपडलं तर ब्रेकच्या ड्रमवर चर्र झालं, आणि तो जळका वास, घाट उतरून आलेल्या एसटीला येतो तसा.

जॅकवर चाक उचललं. हातानं फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात खर्र करून थांबायचं. दाजींना विचारलं मागचं काही काम केलं होतं का, तर घर चढावर म्हणून दोन महिन्यांपूर्वी एका मिस्त्रीकडनं हँडब्रेक घट्ट करून घेतला होता. मिस्त्रीनं केबल इतकी ताणली की हँडब्रेक खाली टाकला तरी उजव्या बाजूचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, ड्रमला चिकटलेलेच. दाजी दोन महिने अर्धा ब्रेक लावून कासला चढत होते! एकदा लिव्हर वर ओढताना किती कट-कट वाजतात ते मोजलं, दोन. इतक्यात लागतोय म्हणजे केबल फारच आवळलेली. मिस्त्रीला शिव्या द्यायला दाजी निघाले होते, पण खरं सांगायचं तर दाजींनीच त्याला "लय घट्ट कर" म्हटलं होतं. दुसऱ्या एका गॅरेजला ड्रम खोलून घासून साफ केला, लायनर वाचले होते, केबल सैल करून नीट लावली. तीनशे रुपये.

त्यानंतरची टाकी, ३९८ किलोमीटर, २२.६ लिटर. १७.६. फक्त हवा आणि हँडब्रेक. चालवण्यात काहीच बदल नाही.

आता चालवणं. हा नाजूक विषय, कारण दाजी तीस वर्षं गाडी चालवतायत आणि मी त्यांचा धाकटा मेहुणा. एक दिवस रजा काढून त्यांच्यासोबत कासला गेलो. दाजींकडं आधी जुनी डिझेल जीप होती, हात त्याच्यावर बसलेला. यवतेश्वरच्या वळणांवर चौथ्यातच, इंजिन १५०० वर घुर्रघुर्र करतंय, ॲक्सिलेटर तळाला टेकलेला, गाडी थरथरतीय. डिझेलला चालतं ते, खालूनच ओढतं. पण या इंजिनचा टॉर्क ३५०० ला आहे, १५०० ला त्याच्या अंगात काही नाही. आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की बरीच पेट्रोल इंजिनं हवेच्या मानानं जास्तीचं पेट्रोल सोडतात. म्हटलं दाजी तिसरा टाका, अडीच-तीन हजारावर राहू द्या, पाय अर्धाच. आवाज वाढला तर घाबरू नका, आवाज म्हणजे पेट्रोल नव्हे. तीन वळणं गेल्यावर दाजी म्हणाले, "आयला, हलकी झाली की."

चढाचं पेट्रोल मात्र कुणाला चुकत नाही, तो हिशोब त्यांना रिसॉर्टच्या कॅलक्युलेटरवरच करून दाखवला. सातारा साधारण ७०० मीटरवर, कासचं पठार १२०० च्या आसपास, चढ पाचशे मीटर. गाडी अधिक दाजी अधिक वाटेत घेतलेला कामगार, धरा हजार किलो. हजार गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे ४९ लाख ज्यूल, ४.९ मेगाज्यूल. आत्ताच्या एका लिटरात ३० मेगाज्यूल, त्यातला पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सर खातात. म्हणजे नुसतं वर उचलायला अर्धा ते पाऊण लिटर. रस्त्याचं वेगळं. हे रोज. सातारा-कास करणाऱ्या माणसानं कराड-सांगली करणाऱ्या माणसाच्या मायलेजशी बरोबरी करू नये, तो सपाटीचा राजा.

उतरताना परत थोडं मिळतं, जर घेतलं तर. दाजी काय करायचे, वरनं न्यूट्रल. माझ्याकडं बघून हसले सुद्धा, बघ कसं वाचवतोय म्हणून. इथं आख्ख्या महाराष्ट्राचा गैरसमज आहे. न्यूट्रलमधे इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, अशा गाडीला तासाला अर्धा-पाऊण लिटर. गिअरमधे ठेवून ॲक्सिलेटरवरनं पाय काढला तर चाकंच इंजिन फिरवतात, कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, आरपीएम पार खाली येईपर्यंत पेट्रोल शून्य. घाट उतरायला दहा-बारा मिनिटं, म्हणजे न्यूट्रलमधे शंभर-सव्वाशे मिली जाळतं, गिअरमधे जवळजवळ काहीच नाही. दिवसाला तीन-चार टक्के. आकडा छोटाय, मी तो फुगवून सांगणार नाही. पण न्यूट्रलमधे सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून पाय मऊ पडला तर खाली काय आहे ते यवतेश्वरच्या कठड्यावरनं कुणीही बघावं. आणि इंजिन बंद करून उतरणारे महाभाग तर वेगळेच, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबात संपतो, स्टिअरिंग जड होतं, चावी काढली तर लॉक.

क्लासच्या फेऱ्यांचं फार काही करता आलं नाही. थंड इंजिन पहिले काही किलोमीटर जास्त पेट्रोल पितं, दोन किलोमीटरवर गाडी गरम व्हायच्या आत बंद होते, परत तेच. भाची म्हणाली मी सायकलनं जाते, ताई म्हणाली अंधारात नाही. विषय बंद. मंडईला मात्र दाजी आता चालत जातात, तेवढंच.

पुढची टाकी ४२१ किलोमीटर, २२.९ लिटर, १८.४. टायरची दुरुस्ती धरली तर १८.८. घाट, गाव, इथेनॉल, अधूनमधून एसी, सगळं धरून. मग पुण्याला जाऊन आलो, जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट, ऐंशीच्या वर न जाता, २१८ किलोमीटरला ९.८ लिटर, मीटरनं २२.२, खरं २२.८. ऐंशीच कशाला तर हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ऐंशीचे शंभर केले की दीडपटीच्या वर.

तरी दाजींचं एक उरलंच होतं. "मग चोवीस कुटं गेलं?" चोवीस खोटं नाही दाजी, फक्त ते साताऱ्यात मोजलेलं नाही. ती चाचणी प्रयोगशाळेत होते, गाडी रोलरवर उभी, चाकं फिरतात पण गाडी जागेवर. ठरलेला ११८० सेकंदांचा कार्यक्रम, त्यात साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर अंतर, सगळ्यात जास्त वेग ९०, सरासरी बत्तीसच्या आसपास, एसी बंद. चढ नाही, उसाची ट्रॉली नाही, फुलांच्या सीझनला यवतेश्वरात लागणारी रांग नाही. आणि पेट्रोल टाकीतनं मोजतच नाहीत, सायलेन्सरमधनं आलेल्या धुरातला कार्बन मोजून उलटं काढतात. सगळ्या गाड्यांना तोच पेपर, त्यामुळं दोन गाड्यांची तुलना करायला आकडा एकदम चांगला. घरी किती देईल ते सांगायला तो बनवलेलाच नाही. माझ्या मते आपल्याकडं थोडं गाव थोडा हायवे अशा वापराला त्यातनं पाचवा हिस्सा वजा करावा, घाटवाल्यानं पाव.

पैशात बघायचं तर दाजींचं महिन्याला बाराशे किलोमीटर होतं. पंधरानं ऐंशी लिटर लागायचं, आता पासष्ट. शंभर रुपये लिटरच्या वर भाव, म्हणजे महिन्याला दीड हजार. खर्च तीनशे आणि हवेचे वीस. टायर तेच ठेवलेत, रिसॉर्टच्या आतला रस्ता खराब आहे आणि उंचीचा उपयोग होतो असं दाजी म्हणतात, शिवाय टायर अजून नवे आहेत. झिजल्यावर स्टिकरवरचे घालायचे असं ठरलंय. मला तरी ठरल्यासारखं वाटतंय.

गाडी विकायचा विषय निघत नाही. ताईच्या म्हणण्याप्रमाणं जेवताना मायलेज अजून निघतंच, फक्त आता वही समोर घेऊन. परवा रात्री दाजींचा फोन, पंपावरनंच, मागं गाड्यांचे हॉर्न वाजतायत. "पाव्हणं, अठरा पॉइंट सात आलं. त्यो टायरचा हिशोब लावून एकोणीसच्या वर जातंय. वहीत कुठलं ल्हिवू?" म्हटलं दोन्ही लिहा दाजी, दोन रकाने करा. "आन लोकास्नी कुठलं सांगू?"